गर्दीचा आडोसा

निनावी पत्राची आपल्या समाजात मोठी बदनामी आहे. लग्न ठरत आले की कोठून तरी एक पाकीट येते. आत मुलाच्या व्यसनांची नाहीतर मुलीच्या स्वभावाची यादी असते आणि खाली सही असते, 'एक हितचिंतक'. असल्या हितचिंतकाला चार शहाणी माणसे भ्याड म्हणतात आणि ते योग्यच आहे. खरे बोलावयाचे असेल तर नावानिशी बोलावे, हे आपण शाळेत शिकलो आणि मुलांनाही तेच शिकवितो.

पण वाचकहो, याच निनावीपणाला आपण एका ठिकाणी सन्मानाने पाटावर बसविले आहे. मतदानाच्या खोलीत पुठ्ठ्याचा एक आडोसा असतो. त्यामागे जाऊन मालक, सावकार, सासरा, साहेब यांच्यापैकी कोणालाही न कळविता आपण आपले मत देतो, आणि सही करीत नाही म्हणून आपल्याला कोणी भ्याड म्हणत नाही. म्हणजे निनावीपणा मुळात वाईटही नाही आणि चांगलाही नाही. बलवान माणूस दुबळ्यावर चिखल फेकण्यासाठी आडोसा घेतो, तेव्हा तो भ्याडपणा ठरतो. दुबळा माणूस बलवानासमोर तोंड उघडण्यासाठी तोच आडोसा शोधतो, तेव्हा ती त्याची गरज असते.

यंदा मी लिहिणार आहे ते अशाच एका आडोशाविषयी. जगभरचे काही हौशी आणि हट्टी लोक गेली पंचवीस वर्षे संगणकांचे एक जाळे विणीत आहेत. त्यात बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे मधल्या कोणालाच कळू नये अशी योजना आहे. ते जाळे कोणाच्या मालकीचे नाही आणि त्याला मुख्य कचेरीही नाही. चाल मात्र बैलगाडीची आहे, आणि ती सुधारण्यासाठी सारी धडपड चालली आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय जड जाईल असे वाटेल, पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून पाहिले तर तो फार जवळचा दिसतो.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण भागात भामरागड आहे. तेथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागड आणि पलीकडची गावे जगापासून तुटत, हा वर्षानुवर्षांचा अनुभव. अशा मुलखात निरोप जातो तो हातोहात. बाजाराला आलेला माणूस शेजारच्या गावच्या माणसाला सांगतो, तो पुढच्या गावात सोयरिकीला जाणाऱ्याला सांगतो. नदीपलीकडे छत्तीसगड आणि तेलंगणा लागतात, पण माडिया आणि गोंड कुटुंबांच्या सोयरिकी या सीमा विचारीत नाहीत. निरोप पोचतो. तो मूळ कोणाचा होता हे पाचव्या माणसाला ठाऊक नसते आणि त्याला त्याची गरजही नसते.

दुसरी गोष्ट भयाची. 1980 नंतर या जंगलात नक्षलवादी चळवळ आली, तिच्या मागोमाग पोलिसांचा बंदोबस्त आला आणि गावचा माणूस दोन्हींच्या मध्ये सापडला. एका बाजूला खबऱ्या ठरण्याची भीती, दुसऱ्या बाजूला त्यांचा माणूस ठरण्याची. खबऱ्या असल्याच्या संशयावरून येथे माणसे मारली गेली आहेत. अलीकडे हिंसा पुष्कळ ओसरली आहे, हे समाधानाने नोंदवावे लागेल. पण कितीतरी वर्षे येथल्या माणसाने रेशन आले नाही, मास्तर येत नाहीत, झाडे कोणी तोडली, एवढे साधे बोलण्यापूर्वीही मागे वळून पाहिले आहे. आपण शहरातली माणसे वर्तमानपत्राला खुशाल पत्र लिहितो आणि खाली पत्त्यासह सही करतो. ती सहीसुद्धा एक चैन आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

या बोलण्याला वाट करून देण्याचा एक प्रयत्न आमच्या सीमेला लागूनच झाला. बी.बी.सी.मध्ये पूर्वी काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये छत्तीसगडात 'सीजीनेट स्वर' सुरू केले. साध्या मोबाइलवरून एक क्रमांक फिरवायचा आणि आपली तक्रार, बातमी किंवा गाणे बोलून ठेवायचे. कार्यकर्ते ते तपासून प्रसिद्ध करीत आणि इतरांना ते फोनवरच ऐकता येई. लिहिता-वाचता येण्याची गरज नव्हती आणि गोंडीतही बोलता येत होते. 2011 च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे 30 लाख लोक होते. एवढ्या माणसांच्या भाषेला तोपर्यंत बातम्यांच्या जगात जवळजवळ जागाच नव्हती. 2014 मध्ये लंडनच्या 'इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप' या संस्थेने चौधरींना पारितोषिक दिले, आणि त्या वर्षी त्यांच्यासमोर एडवर्ड स्नोडेन हेही एक नाव होते.

पण या योजनेला दोन मर्यादा होत्या. फोनला रेंज हवी, ही पहिली. दुसरी अशी की सारे दोर एका खुंटीला बांधलेले. क्रमांक एक, यंत्र एक. खुंटी उपटली की दोर गेले. शिवाय फोन कोणी केला याची नोंद फोन कंपनीपाशी राहतेच. पहिल्या मर्यादेवर तोड निघाली ती मोठी गमतीची. ब्ल्यूटूथ या शब्दाचे जंगलात 'बुलटू' झाले आणि 'बुलटू रेडिओ' जन्माला आला. इंटरनेट असलेल्या गावी जाऊन एकाने कार्यक्रम फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि परत येऊन बाजारात, पारावर, या फोनमधून त्या फोनमध्ये द्यायचा. गावातले बोलणेही तसेच उलट वाटेने बाहेर न्यायचे. ना रेंज, ना खर्च. पुन्हा तोच हातोहात निरोप.

आता मूळ जाळ्याकडे येतो. हे हातोहात जाण्याचे काम संगणकांनी आपसात करावे, आणि कोणी कोणाला काय दिले हे देणाऱ्या-घेणाऱ्या हातांनाही उमगू नये, ही कल्पना इयन क्लार्क या एडिनबरो विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने 1999 मध्ये आपल्या प्रबंधात मांडली. मार्च 2000 मध्ये तिचे पहिले रूप लोकांच्या हाती आले. नाव ठेवले 'फ्रीनेट'. 2023 मध्ये क्लार्क यांच्याच एका नव्या प्रकल्पाने ते नाव घेतले आणि जुने जाळे 'हायफानेट' या नावाने चालू राहिले.

माझा एक भाचा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तो चंद्रपूरला आला असता मी त्याला म्हटले, "बाबा, मला हे यंत्र दाखव." त्याने एक पान मागविले. आम्ही बसलो. घरातून चहा आला. चहा संपला. मग पान आले.

"एवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून मासिक आणले असते," त्याची मामी म्हणाली.

"आणले असते ना, मामी," तो हसून म्हणाला, "पण दुकानदाराने तुम्हाला पाहिले असते."

या एका वाक्यात सारा प्रश्न आला. आडोसा फुकट मिळत नाही, त्याची किंमत वेळाने मोजावी लागते. आपण नेहमी जे इंटरनेट वापरतो त्यात आपला संगणक थेट दुकानात जातो आणि माल घेऊन येतो. येथे तो फक्त शेजाऱ्याला विचारतो. शेजारी आपल्या शेजाऱ्याला, तो त्याच्या शेजाऱ्याला, असे करीत मागणी पुढे जाते आणि वस्तू त्याच वाटेने हातोहात परत येते. मागणी अनंतकाळ भटकत राहू नये म्हणून तिच्यावर 18 चा आकडा टाकलेला असतो आणि तो हळूहळू उतरत जातो. त्यातही युक्ती पाहा. आकडा 18 असेपर्यंत तो दर हाताला उतरेलच असे नाही, कधी उतरतो, कधी तसाच राहतो. म्हणून माझ्याकडे 18 चा आकडा घेऊन मागणी आली, तरी ती शेजाऱ्याची स्वतःची आहे की तो नुसता पुढे ढकलतो आहे, हे मी सांगू शकत नाही. शिवाय फाइलीचे 32 किलोबाइटचे तुकडे करून ते कुलुपबंद रूपात निरनिराळ्या संगणकांवर ठेवलेले असतात. आपल्या माळ्यावर काय पडले आहे हे घरमालकालाही वाचता येत नाही.

तर मग वेग वाढवायचा कसा? मोठे यंत्र आणा, जाड तार आणा, हे उत्तर येथे फारसे उपयोगी नाही. वेळ जातो तो चुकीच्या हाती मागणी गेल्याने. म्हणून खरा प्रश्न असा की, सारे गाव न ओळखताही योग्य शेजारी कसा निवडावा?

या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या प्रयोगात दडलेले होते. स्टॅन्ली मिलग्रम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. दूरच्या गावांतील काही माणसांना त्याने पत्रे दिली आणि सांगितले की, बोस्टनजवळच्या अमुक गृहस्थाला ही पोचवा, पण ओळखीच्या माणसाच्या हातूनच. पुष्कळ पत्रे वाटेत राहिली, पण जी पोचली त्यांना मध्ये साधारण पाच-सहा माणसे पुरली. पुढे 2000 मध्ये जॉन क्लाइनबर्ग यांनी गणिताने दाखविले की, असे घडायला ओळखींची घडण विशिष्ट प्रकारची लागते. बहुतेक ओळखी जवळच्या, काही थोड्या लांबच्या आणि एखाद-दुसरी फार लांबची. सगळ्याच जवळच्या असल्या तर निरोप गावातच फिरत राहतो. सगळ्याच लांबच्या असल्या तर जवळ येऊनही दार सापडत नाही. आमच्या जंगलातल्या माणसाला हे गणित सांगावे लागणार नाही. रोजची उठबस टोल्यातली, आठवड्याची बाजारातली आणि एक आत्या इंद्रावतीपलीकडे दिलेली. निरोप याच बळावर चालतो.

फ्रीनेटच्या मंडळींनी हेच आपल्या जाळ्यात आणले. प्रत्येक संगणकाला घड्याळाच्या तबकडीवर असते तशी एक जागा दिली आणि प्रत्येक वस्तूलाही तशीच एक जागा दिली. मागणी आली की आपल्या शेजाऱ्यांपैकी ज्याची जागा त्या वस्तूच्या सर्वांत जवळ, त्याच्या हाती ती द्यायची. पुढे त्यांनी असेही एक रूप केले की ज्यात माणूस केवळ आपल्या खात्रीच्या मित्रांशीच जोडला जातो. 0.7 या क्रमांकाची ती आवृत्ती 2008 मध्ये पक्की झाली. मैत्री काही तबकडी पाहून होत नाही, तेव्हा जागांचा मेळ बसेना. यावर ऑस्कर सँडबर्ग यांनी तोड काढली. दोन संगणकांनी अधूनमधून गाठ पडताच पाहावे की, आपण जागांची अदलाबदल केली तर दोघेही आपापल्या मित्रांच्या जवळ येतो का? येत असू तर बदलावी. पंगतीत पाने मांडल्यावर माणसे आपसात पाट बदलून आपल्या माणसांशेजारी येतात, तसेच हे.

याखेरीज लहानमोठ्या सुधारणा झाल्याच. वस्तू परत येताना वाटेतले हात तिची प्रत ठेवून घेतात, म्हणजे जिला मागणी जास्त ती आपोआप जवळ येत जाते आणि जिला कोणी विचारीत नाही ती कालांतराने गळते. तुकड्यांबरोबर काही जादा तुकडे ठेवतात, म्हणजे चार हरवले तरी फाइल उभी राहते. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची जागाही लक्षात घेऊन वाट निवडतात. ज्याची जोडणी वेगवान त्याला शेजारी जास्त देतात. एखाद्याच्या डोक्यावर भार फार झाला तर तो नकार देतो, आणि नकार येताच मागणाऱ्याने आपला हात आवरता घ्यायचा.

पण येथेच या कामाची खरी कसोटी आहे. वेग वाढविणारी प्रत्येक युक्ती आडोशाला कोठे भोक पाडत नाही ना, हे पाहावे लागते. वाट आखूड केली की मधले हात कमी झाले आणि मूळ माणूस तितका उघड्यावर आला. पाट बदलण्याची ती सुंदर युक्तीही सुटली नाही. 2007 मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले की, एखादा लबाड संगणक आपल्या जागेविषयी खोटे बोलत राहिला तर साऱ्या पंगतीला एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसवू शकतो. मग वाटा मोडतात आणि वस्तू हरवतात. त्यावर उपाय शोधून तो प्रत्यक्ष जाळ्यात आणायला पुढे कितीतरी वर्षे गेली. बहुतेक माणसे फावल्या वेळात काम करणारी आणि पैसा देणग्यांचा, तेव्हा असे व्हायचेच.

मग अशा जाळ्यावर विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवायचा? त्याचे उत्तर असे की, त्याची सारी आज्ञावली उघडी आहे. कोणीही वाचावी, दोष काढावा, दुरुस्ती सुचवावी. 2007 चा दोष सापडला तोही यामुळेच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाचे नाव आपण ऐकले असेल. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणारे हे गाव. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात, आणि बांबूचा व्यवहार ग्रामसभेसमोर चालतो. हिशेब सर्वांसमोर असला की मुखत्याराची गरज उरत नाही. माणसे झाकलेली आणि यंत्र उघडे, असा हा मामला आहे. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलटे असते.

आता दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. ज्या आडोशामागे भेदरलेला माणूस बसतो, त्याच आडोशामागे पापीही बसतो. लहान मुलांच्या छळाची चित्रे या जाळ्यातून फिरली आहेत आणि अमेरिकेत पोलिसांनी त्यासाठी येथे माग काढून माणसे पकडली आहेत. ते योग्यच झाले. मुलाबाळांच्या घरात बसून हे नुसते तत्त्व म्हणून वाचता येत नाही, आणि ज्याला हा व्यवहार मुळातच नको वाटेल त्याला मी दोष देणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, चोरही रात्री निघतो म्हणून आपण रात्रच बंद करीत नाही, गस्त घालतो.

हे जाळे उद्या भामरागडच्या मोबाइलवर येईल, असे मी म्हणत नाही. त्याला सतत चालू राहणारा संगणक लागतो आणि सतत वाहणारे इंटरनेट लागते. जंगलाला आज तरी बुलटूच जवळचा. तरीही वेगाचा हा खटाटोप मला महत्त्वाचा वाटतो, त्याचे कारण पुन्हा मतदानाच्या खोलीतच सापडते.

आपले मत गुप्त राहते ते पुठ्ठ्यामुळे, असे आपण समजतो. पण त्या केंद्रावर एकच मतदार असता तर? पुठ्ठा कितीही उंच असो, मोजणी होताच त्याचे मत जगजाहीर झाले असते. आपले मत झाकतात ती खरे पाहता इतरांची मते. आजही निकालाचे केंद्रवार आकडे प्रसिद्ध होतात आणि जंगलातल्या चिमुकल्या गावाने कोणाला कौल दिला हे चटकन कळते. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्यापूर्वी मिसळण्याची तरतूद नियमांत केली होती ती एवढ्यासाठीच. लहान गावाला मोठ्या गर्दीचा आडोसा मिळावा म्हणून.

संगणकांच्या जाळ्याचेही तेच आहे. ते सावकाश चालते तोवर त्यात दोनच प्रकारची माणसे येतात, ज्यांना फार मोठी भीती आहे ती आणि ज्यांच्या मनात पाप आहे ती. मग त्या जाळ्यात असणे हीच संशयाची खूण होऊन बसते. पान चहा निवण्यापूर्वी येऊ लागले की साधी माणसेही येतील. कोणी पाककृती वाचायला येईल, कोणी बुद्धिबळाचे डाव पाहायला. त्यांना लपविण्यासारखे काही नसेल, पण त्यांच्या येण्याने गर्दी होईल आणि त्या गर्दीत एखादा घाबरलेला माणूस कोणाच्या डोळ्यांवर न येता आपले बोलणे सांगून जाईल. म्हणून या ठिकाणी वेग ही चैन नाही. वेगाने गर्दी वाढते, आणि गर्दी हाच आडोसा आहे.

आपल्या घरात बहुधा कोणालाच लपून बोलावे लागत नाही. ते भाग्य असेच राहो. पण पुढे कधी आपला एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणाली की, मी रात्रभर संगणक चालू ठेवून अनोळखी माणसांचे निरोप पुढे पोचवितो, तर विजेच्या बिलाचा विषय काढण्यापूर्वी त्याला एवढे जरूर विचारा की, वाटेत कोठे भोक पडलेले नाही ना?